एकवीस दिवसांची फाइल

आमचा दादा बांधकामांची वेळापत्रकं करायचा. कुठली भिंत कधी, कुठला स्लॅब कधी, हे सगळं तो कंपनीच्या कॉम्प्युटरवर मांडून द्यायचा. मीही तेच करते, दुसऱ्या कंपनीत. शिकवलं त्यानेच. पहिल्याच दिवशी त्याने नियम सांगितला होता: जुनी फाइल आली की आधी कॉपी, मग हात.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने बांधलेल्या पाण्याच्या टाकीचा स्लॅब कोसळला आणि दोन मजूर गेले. स्लॅबखालचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंतचे टेकू, दहाव्याच दिवशी काढलं होतं. कंपनीने छापील कागद पुढे केला. त्यावर दहाच दिवस होते आणि खाली नाव दादाचं. मूळ फाइल मागितली तर म्हणे तो कॉम्प्युटर भंगारात गेला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! दादा म्हणत राहिला, "मी एकवीस लिहिले होते." नोकरी गेली, चौकशी रखडली, आणि हळूहळू त्याने ते म्हणणंही कमी केलं.

शेवटच्या सुनावणीच्या दोन दिवस आधी त्याच्या जुन्या डब्याच्या पिशवीत एक पेन ड्राइव्ह सापडला. त्यात टाकीची फाइल होती! पण ती उघडणारं जुनं सॉफ्टवेअर आता कोणाकडे असणार? माझ्या ऑफिसात नवं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती उघडायला घेतली.

स्क्रीनने विचारलं, फाइल जुनी आहे, नव्या रूपात बदलू का? मला कुठला धीर! हो म्हटलं. बऱ्याच तारखा इकडच्या तिकडे सरकल्या, पण ती ओळ जागेवर होती. सेंट्रिंग काढणे, एकवीस दिवसांनंतर. शेजारी दादाची टीप: "साहेब दहा म्हणतात. मी करणार नाही."

मी तिथेच रडले. आणि रडता रडता, इतक्या वर्षांच्या सवयीने, हात सेव्हवर गेला. त्याच पेन ड्राइव्हवर, त्याच फाइलवर. माझ्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी जाऊन दादा-वहिनीला ओळ सापडल्याचं तेवढं सांगितलं.

सुनावणीत चौकशीसाठी बोलावलेल्या कॉम्प्युटरवाल्याने फाइल उघडली, एकवीसची ओळ वाचली. दादा ताठ बसला. मग त्या माणसाने फाइलची माहिती काढली.

"ही काल दुपारी दीड वाजता सेव्ह झाली आहे," तो म्हणाला आणि त्याने माझं नाव वाचलं.

"या कोण?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी बहीण," दादा म्हणाला.

कंपनीच्या वकिलाने समोरचे कागद मिटून ठेवले. त्यांची आता गरजच नव्हती. मी उठून सगळं सांगितलं, सॉफ्टवेअर, तारखा, सवय. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"बाई, मी विश्वास ठेवेनही," ते म्हणाले. "पण अहवालात लिहू काय?"

जिन्यात दादाने विचारलं, "कॉपी केली नव्हतीस?"

"नाही रे."

"असू दे," तो म्हणाला. मला वाटत होतं, याने चार शिव्या द्याव्यात, एक कानाखाली द्यावी. तो कठडा धरून उतरत राहिला.

घरी वहिनी दारातच होती. आमचे चेहरे पाहूनच तिला निकाल कळला. तिने मला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि माझा हात हातात घेतला.

"वन्सं, यश आलं नाही ते जाऊ द्या. भावासाठी तुम्ही एवढं खोटं केलंत, मी जन्मात विसरणार नाही."

"खोटं? कसलं खोटं?"

"ती एकवीसची ओळ घातलीत ना तुम्ही."

दादा दाराशी वाकून बूट काढत होता. एक काढून झाला होता, दुसऱ्याची नाडी त्याच्या हातात होती. त्या घरात एकवीस खरे मानणारा तो एकटाच होता, हे मला तेव्हा कळलं. त्यालाही तेव्हाच.