खडूची पूड

टिक्. मग जरा थांबून पुन्हा टिक्.

शुक्रवार होता. शुक्रवारी नारपोलीतले कापडाचे लूम बंद असतात. सहा दिवस कानात भरून राहिलेली खडखड एकदम थांबली की वाटीला चमचा लागला तरी दचकायला होतं. मी मांडीवर कोऱ्या कापडाचा तागा घेऊन बसले होते. आवाज ओळखीचा होता, माझ्याच चिमट्याचा. पण चिमटा कापडावर आवाज करत नाही.

शेजारी चाचपून पाहिलं. चिमटा जागेवर नव्हता. गोदूही नव्हती.

ओट्यासमोर फखरुद्दीनशेठची पांढरी मारुती उभी होती. तिच्या दाराशी माझी पाच वर्षांची लेक उकिडवी बसली होती. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून ती दारावरचे डांबराचे ठिपके एकेक करून चिमट्याने उपटत होती. अगदी मी शिकवलं होतं तशीच.

लूमवरून आलेल्या कापडात गाठी असतात, काडीकचरा असतो, तेलाचे काळे डाग असतात. ते काढून तागा साफ करायचा, हे माझं घरबसल्याचं काम. गाठी चिमट्याने, डाग खडूच्या पुडीने. दुपारी गोदू जवळ येऊन बसते, तिला मी एखादा तुकडा देते. डाग कुठे जातो, हा तिचा रोजचा प्रश्न. खडूत जातो, मी सांगते. आणि खडू? झटकला की अंगणात. आणि अंगणातून? मग मी तिला पाणी आणायला पाठवते.

गाडी शेठची, चालवणारे गोदूचे बाबा. काल ठाण्याहून पाहुणे आणताना कशेळीला रस्त्यावर ताजं डांबर होतं, त्याचे शिंतोडे दाराच्या खालच्या अंगाला उडाले. आज नमाजनंतर शेठच्या लेकीची, सालेहाची पाठवणी, ह्याच गाडीतून. शेठच्या अंगणात मांडव पडलेला, म्हणून हे गाडी धुवायला घरी घेऊन आले. पाण्याने डांबर निघेना. घरातलं रॉकेल संपलेलं, ते आणायला हे बाहेर पडले आणि मागे हे सगळं झालं.

गाडी येऊन जेमतेम चार महिने झाले होते. शेठ रोज सकाळी रुमालाने तिचं नाक पुसतात, असं हे हसून सांगतात. आधीचा ड्रायव्हर चिंधू का गेला, तेही ह्यांनीच सांगितलेलं. जुनी पांढरी गाडी कुठेतरी घासली, त्याने खरचटलेल्या जागी चुना फासला, आणि पावसात तो धुपून गेला. खरचटल्याबद्दल शेठ चकार शब्द बोलले नाहीत. चुन्यासाठी मात्र त्याला घालवला.

ह्याआधी हे ट्रकवर होते. पंधरा पंधरा दिवस घरी नसायचे. आले की गोदू परका माणूस बघितल्यासारखी माझ्या पदराआड जायची. आता ती रात्री त्यांच्या ताटात जेवते. ही नोकरी गेली की पुन्हा ट्रक.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. पण तिने एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं वर केली. ‘‘आई, सात काढले.’’

सातही ठिकाणी चिमट्याचं टोक फिरलेलं होतं. सुईने ओढावेत तसे ओरखडे. बाकीचे पंधरा-वीस ठिपके तसेच होते.

कापडाचा डाग मागून काढतात. खाली घडी ठेवायची, उलट्या बाजूने दाबायचं, डाग खाली उतरतो. पत्र्याला उलटी बाजू नसते. जे काय करायचं ते तोंडावरच. आधी दाराच्या अगदी खाली, कुणी वाकून बघणार नाही तिथे, खोबरेल लावून पाहिलं. किनारीवर बघायचं, मगच मध्ये हात घालायचा, ही कापडाची रीत. रंगाला काही झालं नाही. मग उरलेल्या एकेका ठिपक्यावर तेलाचं बोट ठेवत गेले आणि थांबले. घासलं की डांबरातली वाळू रंगावर फिरणार. गोदू वाटी धरून उभी. थोड्या वेळाने डांबर मऊ होऊन तपकिरी सुटलं, मलमलीच्या फडक्यात उचलून आलं.

‘‘कुठे गेलं?’’

फडक्यात, मी म्हटलं.

शेजारच्या शमीमभाभी लग्नाला निघाल्या होत्या, डोळ्यांत सुरमा घालून. तेलाने माखलेलं दार बघून म्हणाल्या, ‘‘नवरी तिकडे बसलीय आन तेल इकडे चढतंय होय?’’ मग त्यांना ओरखडे दिसले. घरात जाऊन दात घासायचं पांढरं मंजन घेऊन आल्या. बाळाचं तोंड पुसतेस ना, तेवढ्याच हलक्या हाताने, असं बजावून गेल्या.

ओल्या मलमलीवर मंजन घेऊन मी हलके हलके फिरवत राहिले. मनगट भरून आलं. पण एक ओरखडा गेला, दुसरा गेला, सहा गेले. सातवा खोल होता. त्यातून खालचा करडा थर दिसत होता.

हात आपोआप खडूच्या डब्याकडे गेला. जो डाग निघत नाही त्यावर पूड दाबून बसवायची, म्हणजे तपासणाऱ्याच्या नजरेतून तागा सुटतो. आम्ही सगळ्याच बायका हे करतो आणि कुणी कुणाला सांगत नाही. पूड भिजवली, नखाने ओरखड्यात भरली, फुंकर घातली. पांढऱ्यात पांढरं मिसळलं. गोदूने टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात हे रॉकेलची बाटली घेऊन आले. वाकून दार बघितलं, तिरपं होऊन बघितलं. गॅरेजवाल्यांचं दुकान बंद करशील, म्हणाले. मी हसले. सांगायचं होतं, पण आत्ता नको, पाठवणी होऊ दे, असं मनाशी म्हणत होते. गोदूला कुठला धीर. मी सात काढले आणि इथे आईने खडू भरला, असं तिने बोट ठेवून दाखवलं.

ह्यांनी अंगठा ओला केला आणि पूड पुसून टाकली. करडी रेघ पुन्हा वर आली.

‘‘चुना न्हाय लावायचा,’’ म्हणाले.

‘‘खडू आहे तो.’’

‘‘शेठला त्यात काय फरक हाय?’’

पुन्हा ट्रकवर जाल, एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांनी गोदूकडे पाहिलं. ती चिमटा मुठीत धरून आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

‘‘जे हाय ते सांगू,’’ हे म्हणाले.

आम्ही तिघं त्याच गाडीतून शेठकडे गेलो. गोदू माझ्या मांडीवर. चिमटा काही केल्या देईना. मांडवाच्या तोंडाशी शेठ अत्तराचा फाया कानात ठेवून उभे होते. सवयीने त्यांनी रुमाल काढला, गाडीभोवती एक फेरी घातली, आणि त्या दाराशी वाकले.

‘‘शेठ, ते माझ्या हातनं झालंय,’’ हे म्हणाले. ‘‘डांबर काढताना घाई केली.’’

जे होतं त्यातलं अर्धंच त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, गोदूनेही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

शेठनी रेघेवरून बोट फिरवलं. बोटाचं टोक वर करून उजेडात पाहिलं. ‘‘वर काही लावलं नाहीस?’’

‘‘न्हाय, शेठ.’’

मग त्यांची नजर गोदूकडे गेली, तिच्या मुठीतून बाहेर आलेल्या चिमट्याच्या दोन टोकांकडे. बराच वेळ तिथेच राहिली. शेवटी फुलवाल्याला म्हणाले, ह्या दारावर मोगरा जरा खालपर्यंत सोड. आणि ह्यांना म्हणाले, ‘‘दौलत, जाताना हळू चालव. लेक बसणार आहे.’’

गोदूचा हात धरून मी घरी परत निघाले. पाय हलके झाले होते. आज रात्री बापलेकीचं एकच ताट लागणार होतं, उद्याही लागणार होतं. लूम बंद, गल्लीत आमच्याच चपला वाजत होत्या. कोपऱ्यावर गोदू थांबली.

‘‘आई, ओरखडा बाबांनी नव्हता काढला.’’

हो, मी म्हटलं.

‘‘पण बाबा म्हणाले, मी काढला. शेठनी पण ऐकलं.’’

हो गं.

तिने मूठ उघडून चिमट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘मग मी काढलेला कुठे गेला?’’