झेरॉक्स मशीन आणि मयुरीबाईची बदली

बदलीचा आदेश हातात असून माणूस अडकतो कसा, ते मयुरी ठेंगणेला विचारावं. आदेश दहा दिवसांपूर्वीच आला होता. वरोरा! गडचिरोलीच्या जंगलातल्या या तालुक्याच्या ऑफिसात लिपिक म्हणून चार वर्षं नऊ महिने काढल्यावर एकदाची घरची वाट दिसली होती. पण आदेशाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, एकतीस मेपर्यंत कार्यमुक्त न झाल्यास बदली रद्द समजावी. आणि आजच एकतीस मे. साहेब तीन वाजता मीटिंगला जिल्ह्याला निघणार, ते दोन दिवसांनी उगवणार. त्याआधी चार्जची चाळीस पानी यादी तीन प्रतींत त्यांच्या टेबलावर हवी, तरच सही.

आणि झेरॉक्स मशीन चालू होईना.

बटण दाबलं की ते घरघरायचं, पडद्यावर ‘थांबा, गरम होत आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची. दोन मिनिटं ती ओळ तशीच. मग टूं टूं, लाल दिवा, खेळ खल्लास. ऑफिसचा प्रिंटरही तोच. गावातलं एकुलतं एक झेरॉक्सचं दुकान बंद, कारण मालक सिरोंच्याला मेव्हणीच्या लग्नात नाचत होता.

“बाहेर शेचाळीस डिग्री, रस्त्याचं डांबर वितळून राह्यलं, अन हे मेलं म्हणते मी गरम नाई झालो!” मयुरीनं मशीनला एक चापट ठेवून दिली.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं? वायर काढून दुसऱ्या सॉकेटात घातली. बाजूचं दार उघडून अडकलेला कपटा शोधला, नाही सापडला. टोनरची नळी काढून पाळण्यासारखी हलवली. साडीवर काळा भुगा सांडला तेवढाच फायदा. चंद्रपूरच्या मेकॅनिकला फोन लावला.

“मॅडम, सोमवारी पोरगा पाठवतो.”

“सोमवारी काऊन? माह्या तेरवीलेच पाठवा ना!” म्हणून तिनं फोन आपटला.

तेवढ्यात वरोऱ्याहून सासूच्या फोनवरून तिची पोरगी, पिंकी. सव्वा वर्षाची असताना तिला आजीजवळ सोडून मयुरी इथं आली होती. आता पोरगी पहिलीत जाणार होती आणि आजीलाच आई म्हणत होती. मयुरीला ती ‘मयुरी’ म्हणायची.

“मयुरी, तू आज येते का नाई येत?”

“येतो माय. चारच्या बसनं निघतो.”

फोन ठेवल्यावर तिला रडूच आलं. पण रडायला वेळ कुठं होता? दीड वाजून गेला होता.

डोळे पुसताना तिची नजर स्टॅबिलायझरवर गेली. काटा एकशे सत्तरवर लोळत पडला होता. आणि तिच्या डोक्यात लख्ख झालं. हिवाळ्यात हे मशीन एका दमात चालू होतं. मे महिन्यातही सकाळी होतं, पण कूलर लागायच्या आधी. आज सकाळी लाइनच नव्हती, आली ती बारा वाजता, आणि आली तशी सगळे कूलर लागले. याला गरम व्हायला लागतो तेवढा करंट मिळतच नव्हता!

“कोलूभाऊ, हॉलचे कूलर बंद करा!”

कोलूभाऊ म्हणजे शिपाई, याच तालुक्यातला, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेला. त्यानं बटणं खटाखट पाडली. हॉलमधून आरडाओरडा झाला. काटा एकशे नव्वदवर चढला आणि तिथंच बसला. मशीननं पुन्हा टूं टूं केलं. आता उरला एकच कूलर, साहेबांच्या केबिनचा. मेच्या दुपारी साहेबांचा कूलर बंद करायचा म्हणजे वाघाच्या तोंडातलं हाड ओढायचं.

“मी करतो बंद,” कोलू म्हणाला. “अन साहेबानं विचारलं तं मशीन बी मीच चालू केली म्हनून सांगतो. तुमी तोंड उघडू नोका, बाई. इथी ज्याले काम येते, त्याच्याच डोक्यावर ते ठेवते.”

“बरं बापा, तुम्हीच सांगा,” मयुरी म्हणाली. तिला आता कशाचंच भान नव्हतं.

कूलर थांबला. काटा दोनशे पंधरावर गेला. मशीन घरघरलं, आणि हिरवा दिवा! मयुरीनं कोलूभाऊचा हातच धरला. पानं सुळसुळ बाहेर यायला लागली. अडीचला तिन्ही संच तयार, टाचणी मारून.

साहेब रुमालानं मान पुसत बाहेर आले. “कूलर कोणी बंद केला?” मग त्यांना मशीन दिसलं. “अरे वा! हे चालू झालं? कोणी केलं?”

“साहेब, म्या...” कोलूनं सुरुवात केली.

“मी केलं, सर!” मयुरी बोलून गेली. चार वर्षं नऊ महिने या ऑफिसात तिला जावक क्रमांकाशिवाय कोणी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं, तर तिला राहवलं नाही. तिनं व्होल्टेजपासून कूलरपर्यंत सगळं सांगितलं, काटा दाखवला, हसून दाखवलं. कोलूनं मान खाली घातली.

“शाबास!” साहेब म्हणाले. “मेकॅनिकला जमलं नसतं हे.” यादी घेऊन ते आत गेले.

पावणेतीनला त्यांनी हाक मारली. यादी बाजूला होती. पुढे त्यांच्या हातचा, सही-शिक्क्याचा एक कागद होता. ‘कार्यालयीन निकड लक्षात घेता, पर्यायी कर्मचारी रुजू होईपर्यंत श्रीमती ठेंगणे यांना कार्यमुक्त करता येत नाही.’

“सर, मुलगी लहान आहे माझी,” मयुरी म्हणाली. “आज नाही सुटले तर बदली रद्द होते.”

“मॅडम, पुढच्या वर्षी मी स्वतः शिफारस करतो. पण तुमच्यासारखं माणूस सोडून मी ऑफिस चालवू कसं, सांगा बरं? याच्या तीन प्रती काढा. जरा लवकर, मला निघायचंय.”

ती मशीनसमोर येऊन उभी राहिली. कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं. आता बंद पड, तिनं मनातल्या मनात हात जोडले, आता पड ना बंद. मग तिनं बटण दाबलं, आणि तिन्ही प्रती एकामागून एक स्वच्छ निघाल्या.