सरांचा राणी रंग

“सर म्हणतात, पाणी एवढं खळखळ उकळायची गरजच नाही,” लेक सहज बोलून गेली आणि म्हाताऱ्याचा चहा कडू झाला.

उठता-बसता सर. हे सर म्हणजे हॉस्पिटलच्या लॅबचे नवे प्रमुख, कालचं पोर. त्याच लॅबमध्ये म्हाताऱ्याने उभी हयात तपासणीसाठी काचेवर ठेवलेल्या अवयवांच्या पातळ कापांना रंग देण्यात घालवली होती. मॅजेंटा नावाच्या रंगाची हिरवट चमकती पूड उकळत्या पाण्यात विरघळवायची, मग औषध घालून तिचा रंग पार उडवायचा, अगदी पाण्यासारखं नितळ करायचं. आणि आधी आम्लात बुडवलेल्या कापावर ते ओतलं की जिथे हवा तिथेच राणी रंग उमटतो. ही विद्या त्याने लेकीला बोट धरून शिकवली होती. आता ती लॅबमध्ये त्याच्याच टेबलाशी बसून गार पाण्यात पूड कालवत होती.

“उकळल्याशिवाय रंग धरत नाही,” तो म्हणाला.

“धरतो हो बाबा.”

ती कामावर गेल्यावर बायको म्हणाली, “अहो, त्या पोरावर एवढं जळायचं काय कारण?”

“जळतोय कोण?” म्हणत त्याने कप आपटला.

त्याच्या पायांना सूज येत होती म्हणून डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा बारीक तुकडा सुईने काढून त्याच लॅबमध्ये तपासायला दिला होता. रिपोर्ट आज मिळणार होता. बरा निघाला तर गोळ्यांवर भागणार होतं, नाहीतर जन्मभर डायलिसिस. मी घेऊन येते, असं लेक दोनदा बजावून गेली होती. पण रिपोर्टचं निमित्त करून सरांची ती थोर पद्धत एकदा डोळ्यांनी बघायचीच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

तो लॅबमध्ये शिरताच सर उठून उभे राहिले, स्वतःची खुर्ची पुढे केली. “काका, तुमच्यामुळेच ही एवढी तयार झाली.”

म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पोरीचं कौतुक मला हा सांगणार. तेवढ्यात सरांना वॉर्डातून बोलावणं आलं आणि ते गेले.

सूक्ष्मदर्शकावर एक काच लावलेलीच होती. तो वाकला.

“बाबा, ती नको. थांबा ना जरा.”

सरांचं झाकतेय, त्याच्या मनात आलं, आणि त्याने हट्टाने डोळा लावला. पाहिलं मात्र, कित्येक महिन्यांत वाटला नव्हता असा आनंद त्याला झाला.

“हा काय रंग म्हणायचा? मूत्रपिंडात धाग्यासारख्या नाजूक रेषा दिसायला हव्यात. इथे नुसते गच्च गोळे. तुझ्या सरांना सांग, आधी पाणी उकळायला शिका म्हणावं.”

लेकीने मान खाली घातली. तेवढ्यानेही त्याला चेव आला. रंग नीट चढला की नाही हे ताडून बघायला प्रत्येक खेपेला एका निरोगी मूत्रपिंडाचा काप सोबत रंगवतात. ती काच शेजारीच होती. याहीवर घोळ असणार म्हणत त्याने ती भिंगाखाली सरकवली.

रेषा सुरेख होत्या, नाजूक आणि स्वच्छ. रंग तोच, पाणीही तेच.

रंगात खोट नव्हती. पहिल्या कापातलं मूत्रपिंडच निबर झालं होतं.

“ही पहिली माझी का गं?”

लेकीने होकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. त्याने पहिली काच पुन्हा लावली.

“रंग कोणी दिला?”

“मी. सर करतो म्हणत होते, मी करू दिलं नाही.”

“त्याने हातसुद्धा लावला नाही ना?”

“नाही बाबा.”

“मग ठीक,” तो म्हणाला, आणि आणखी स्पष्ट दिसावं म्हणून भिंगाचा स्क्रू हलकेच फिरवू लागला.