वहिनी म्हणणारा मुलगा

टाइपरायटरच्या काळातली गोष्ट. मुलाच्या कबुलीजबाबातलं एक वाक्य त्याच्या बाजूच्या वकिलांनी साक्षीच्या पिंजऱ्यातल्या म्हातारीला वाचून दाखवलं. "'घरी येऊन मी म्हणालो, आई, माझ्या हातून शेजाऱ्याचा खून झाला.' असं म्हणाला तो?"

"त्यानं जन्मात मला आई म्हटलं नाही," ती म्हणाली. "चार दिरांच्या घरात वाढला. ते वहिनी म्हणायचे, म्हणून हाही वहिनीच म्हणतो. हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय आणि याला मारून सही घेतलीय."

सरकारी वकील हसले. "पोरासाठी आई काहीही बोलणारच."

उभं राहून थकलेल्या म्हातारीनं कठडा धरला, तसा आरोपीच्या पिंजऱ्यातून मुलगा घाबरून म्हणाला, "वहिनी, बस गं खाली."

तिच्या जिवात जीव आला. आता तर जजसाहेबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नेहमीच्या सवयीनं टायपिस्टला मजकूर सांगितला, "लिहा. आरोपीने आईस खाली बसण्यास सांगितले."

टाइपरायटर खडखडला. वरच्या कोर्टात फक्त तोच कागद जाणार होता.