तक्रारीचा रकाना

"अहो बाई, तो गवंडी आत कोपर धरून कण्हतोय, आणि तुम्ही तक्रारीच्या रकान्यात लिहिलंय, 'काही नाही'?"

मोठ्या सिस्टरांनी केसपेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. कुत्रा चावलेल्या पोस्टमनलाही 'काही नाही' होतं. "पोस्टमनला कुत्रा चावला, ही काही बातमी नाही म्हणा," सिस्टर म्हणाल्या. पण बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्याही थांबल्या.

बाईंनी कागद चाळले. अकरा पेपरांवर तेच दोन शब्द, त्यांच्याच वळणदार अक्षरात. दवाखान्याच्या या केसपेपर काढायच्या खिडकीत सतरा वर्षं काढली होती त्यांनी. नवा कारकून आला की शिकायला त्यांच्याच शेजारी बसवत. पेशंट बोलेल तेच लिहायचं, आपली अक्कल चालवायची नाही, हा त्यांचा पहिला धडा.

आणि आज हे.

नवरा तसा भला माणूस. सुरुवातीला त्याने दोनदोनदा विचारलं, बरं नाही का? बाई म्हणत, काही नाही. मग तो मोबाईलमध्ये बघत विचारू लागला. मग तेही सुटलं. सासूबाई म्हणत, सोन्यासारखा संसार आहे, हातात नोकरी आहे, आणखी काय पाहिजे माणसाला? त्यावरही उत्तर तेच. महिनोन्‌महिने जिभेवर बसलेले ते दोन शब्द आज हातात उतरले होते.

सिस्टरांनी खिडकीचं दार ओढून घेतलं. बाहेर रांगेत कुरबुर सुरू झाली. त्यांनी एक कोरा केसपेपर पुढ्यात घेतला, वर बाईंचं नाव लिहिलं आणि वय विचारलं.

"बेचाळीस."

"काय होतंय?"

बाईंचे ओठ सवयीने उघडले आणि तसेच राहिले. आत्ता तेच दोन शब्द निघाले, तर सिस्टर कागद बाजूला सारतील. आणि पुन्हा विचारणारं कुणी उरलेलं नव्हतं.

"काही होतच नाही, सिस्टर," त्या हळू म्हणाल्या. "परवा पोरीला शाळेत बक्षीस मिळालं. धावत आली, गळ्यात पडली. मी पाठीवरून हात फिरवला, फिरवायचा असतो म्हणून. आत काही हललं नाही. रडूसुद्धा येत नाही हो."

सिस्टरांनी ते जसंच्या तसं लिहिलं. रकाना पुरला नाही, उरलेलं समासात उतरवलं. घरी कळवू का, असं त्यांनी विचारलं. बाई घाईघाईने नको म्हणाल्या. घरचे म्हणतील, डोक्यावर परिणाम झाला.

"बरं. मनाचे डॉक्टर बाराला बसतात. तुमचा नववा नंबर. तोवर खिडकी मी बघते. मध्येच उठून इकडे यायचं नाही."

डॉक्टरांच्या दाराबाहेरचा बाक भरलेला होता. सतरा वर्षांत बाई इथे कधी थांबल्या नव्हत्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, तोच बाकावरच्या एका आजींनी विचारलं, "ओ बाई, तुम्ही इथल्याच ना? एक्स-रेची खोली कुठं?"

बाईंनी डावीकडे हात दाखवला आणि पोचवून द्यायला त्या निघाल्याच. आजींची नजर त्यांच्या हातातल्या केसपेपरकडे गेली.

"राहू दे, मी जाईन," आजी म्हणाल्या. शेजारच्याचा हात धरून त्या उठल्या, बाकावरची मोकळी जागा त्यांनी तळव्याने पुसली आणि डावीकडे चालू लागल्या.

बाई बसल्या. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या नंबराकडे डोळे लावून होती.