कोंडवाड्याचं कुलूप

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. हात लावू नका. मी एक जुनं लोखंडी कुलूप आहे आणि जवळ येणारा प्रत्येक जण मला आधी चोरच वाटतो. त्यात माझा दोष नाही. ज्या लोहाराने मला घडवलं, त्याने पोटात खटके बसवताना एकच शिकवण दिली होती, "एक किल्ली आपली, बाकी सगळ्या परक्या." ती मी आजवर पाळली.

माझी नेमणूक झाली कोंडवाड्याच्या फाटकावर. मोकाट जनावरं पकडून आणायची आणि मालक दंड भरेपर्यंत कोंडून ठेवायची, ती ही जागा. भिंतीवर नियमांचा फलक होता. जनावर मोकळं सोडलं तर दंड, भर रस्त्यात बांधलं तर दंड, ताकदीबाहेर ओझं लादलं तर दंड, कुत्रं कुणाच्या अंगावर सोडलं तर दंड. एकच जनावर तिसऱ्यांदा सापडलं तर थेट लिलाव. आणि अगदी तळाशी, धुळीने झाकलेली ओळ: दुसऱ्याचं जनावर मुद्दाम सोडवून इथे आणलं, तर आणणाऱ्यालाच दुप्पट दंड. ती ओळ कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

मालक यायचे, कपाळावर हात मारायचे आणि म्हणायचे, "आमचं जनावर गरीब हो, कुणीतरी सोडलं असणार!" माझा एकावरही विश्वास बसत नसे. माणसं सोडा, गाढवावरही नव्हता. भोळा चेहरा करून ते फटीतून शेजारच्या गवतावर डोळा ठेवून असे. रखवालदारकाका मात्र मला नेमाने तेल घालत आणि म्हणत, "हे आहे म्हणून मी डुलकी काढू शकतो." कौतुक एवढंच, पण मला पुरेसं होतं.

एका दूधवालीची गाय दोनदा आत आली. तिचं घर त्या एका गाईवर चालायचं. दोन्ही वेळा गाय आणणारा एकच, तिचा शेजारी भाजीमळेवाला. "पालकाचे वाफे तुडवले हो सगळे!" म्हणून तो गळा काढायचा. मला आधी दूधवालीचाच संशय आला. दूध आपण काढायचं आणि चरायला दुसऱ्याच्या मळ्यात सोडायचं, ही युक्ती मला नवी नव्हती. पण मळेवालाही मला सरळ दिसेना. लिलाव असला की पहिली बोली त्याचीच.

त्याची एक सवय मला चांगली ठाऊक होती. बाकीचे लोक येता-जाता फाटक सताड उघडं टाकत आणि काकांच्या शिव्या खात. हा मात्र न सांगता फाटक लावून घ्यायचा, साखळीचे दोन वेढे द्यायचा, मला अडकवून एकदा ओढून बघायचा. आयुष्य जनावरांना मळ्याबाहेर ठेवण्यात गेलेलं. उघडं फाटक त्याला बघवतच नसे.

गाय तिसऱ्यांदा आली, तेव्हा दूधवालीबरोबर तिची सासूही आली. आता लिलाव टळणार नव्हता. दोघींची फाटकापाशीच जुंपली.

"आई, गोठ्याचं फाटक तुम्ही लावता. रात्री पुन्हा गाईला बघून येताना ते उघडं राहतं, गाय जाते, आणि सकाळी माझ्याआधी उठून तुम्ही ते गुपचूप लावून टाकता."

"अगं, किती वेळा सांगू? मी उघडं ठेवलं नाही आणि सकाळी लावलंही नाही!"

"मग गाईने लावलं का?"

मलाही सुनेचंच पटलं.

तेवढ्यात मळेवाला आला. "काय काका, लिलाव कधी?" असं विचारता विचारता त्याच्या हाताने फाटक ओढून घेतलं आणि साखळी गुंडाळली. म्हातारी माझ्याकडे टक लावून बघू लागली. मला वाटलं, हिची नजर माझ्यावरच आहे. पण ती साखळी बघत होती.

एकदम ती कडाडली, "काय रे, गाय नेलीस ती नेलीस, वर आमचं फाटक उघडं टाकून गेलास? वासरू गेलं ना माझं रस्त्यावर!"

"ओ मावशी, उगाच काहीतरी बोलू नका! चांगले दोन वेढे देऊन लावलं होतं मी फाटक!"

बोलला आणि त्याची जीभ दाताखाली गेली.

"पण आई," सून हळूच म्हणाली, "वासरू तर घरीच बांधलंय."

"ठाऊक आहे मला."

काका उठले, खांद्यावरच्या पंच्याने फलकाचा तळ पुसला आणि मळेवाल्याला जवळ बोलावलं. "वाच," ते म्हणाले, "मोठ्याने वाच." मग त्यांनी मला उघडलं. गाय बाहेर आली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी उघडलो नव्हतो.

सुनेने दोर सासूपुढे धरला. तिचे डोळे भरले होते. "आई, चुकलं माझं. तुम्हीच धरा."

म्हातारीने लगेच हात पुढे केला नाही.

"धरते," ती शेवटी म्हणाली. "पण मी फाटक लावून आले की मागून जाऊन हलवून बघतेस ना, ते आता बंद कर. रोज ऐकते मी."

आता तो कोंडवाडा बंद पडला आहे. काका गेले, तेल गेलं. मी भंगाराच्या टोपलीत गंजतो आहे आणि शेजारच्या बिजागरीवर नजर ठेवून आहे.

मित्रांनो, जनावरं नीट बांधा, त्यांना वेळेवर पाणी पाजा, झेपेल तेवढंच ओझं घाला. नाहीतर दंड होईल, आणि व्हायलाच हवा. पण घरच्या माणसाने लावलेलं फाटक चोरून हलवून पाहिलं, तर त्याला कुठल्याही फलकावर दंड लिहिलेला नाही. तो ती म्हातारी रोज संध्याकाळी भरत होती.