गंजलेलं झाकण

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे, मित्रांनो. कुंभवलीच्या एका चाळीत, फळीवर, हळदीच्या बरणीमागे पडून असते. पण नुसतं पडून राहणं मला अजून जमत नाही. कुणी फळीकडे हात नेला की माझा जीव वरखाली होतो.

जन्माने मी दंतमंजनाची. माझ्या अंगावर पांढरेशुभ्र दात दाखवत हसणारी एक बाई छापलेली होती. पंढरीने मला बोईसरच्या बाजारातून आणलं तेव्हा इथले कारखाने नवे होते आणि तो सांगली सोडून सुताच्या कारखान्यात लागला होता. मंजन संपल्यावर त्याच्या बायकोने, रत्नाबाईने, माझ्यात मशेरी भरली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि चुरून माझ्यात भरायची. घरभर ठसका उठायचा. सकाळी ती नळावर आली की शेजारणी चिमूटचिमूट मागून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मशेरी लावावी तर रत्नाबाईच्या डबीतली." मी हुरळून जायचे.

इथली हवा खारी, त्यात कारखान्यांचा धूर. पत्र्याला गंज चढायला वेळ लागत नाही. रत्नाबाई मला न चुकता खोबरेल तेलाचा हात लावायची आणि कमरेला खोचायची. दिवसभर उघड-मीट चालायची, क्षणभर उसंत नाही. तिच्या अंगठ्याखाली माझी हसरी बाई पुसत गेली. आधी तिचे दातच गेले.

रत्नाबाईची लेक नलू. लहानपणी तिची दाढ दुखली तेव्हा रत्नाबाईनेच तिच्या तळहातावर मशेरी ठेवली होती. दाढ दुखायची थांबली, पण सवय लागली ती लागलीच. लग्न होऊन ती वाणगावला गेली. पहिलं बाळ अगदी एवढंसं जन्मलं आणि हाती लागलं नाही. दुसऱ्या खेपेला ती माहेरी आली, तेव्हा दवाखान्यातली हंसा नर्स घरी आली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"मावशी, नलूची मशेरी बंद करा. तंबाखूच हाय ती. बाळाला पोचते, बाळ वाढत नाय."

"तंबाखू गडीमाणसं खात्यात," रत्नाबाई म्हणाली. "आमी नुसतं दात घासतो. माझ्या सासूनं जन्मभर घासली, तिला काय झालं?"

हंसा वाद न घालता गेली, पण रत्नाबाईच्या हाताची स्वस्थता तिच्याबरोबर गेली. ती मला उघडायची, नलूच्या पोटाकडे बघायची आणि मिटायची. थोड्या वेळाने पुन्हा उघडायची. मला कळेना, हिला हवंय तरी काय.

एकदा नलूच म्हणाली, "आई, तू घासतीस तवर माझ्याच्यानं सुटायची न्हाई. वास आला की माझा हात वळतोय."

त्यानंतर रत्नाबाई तंबाखू थोडी थोडी भाजू लागली. मला कधी उशीखाली लपव, कधी तांदळाच्या डब्यात. "संक्रांत झाली की सोडते," असं पंढरीला सांगून टाकलं. तो हसला. संक्रांत झाली आणि तिने खरोखर मला चाळीमागच्या उकिरड्यावर भिरकावून दिलं.

भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. भांडी आपटायची, पंढरीवर ती विनाकारण खेकसायची, सकाळी पोट साफ होत नाही म्हणून कुरकुरायची. मलाही राग आला होता. इतकी वर्षं जपलं आणि आता राखेत टाकलं.

मग एका दुपारी ती काठी घेऊन उकिरडा उकरायला आली. "दाढ ठणकतीया," असं स्वतःलाच सांगत होती. मी सापडले तशी तिने मला पदराने पुसलं. मला आनंद झाला, कशाला लपवू?

मोरीत पाठमोरी उभी राहून तिने माझ्या तळाशी उरलेल्या मशेरीचं बोट दातांशी नेलं, तोच मागे नलू आली. ती रागावली नाही की रडली नाही. तिने फक्त तळहात पुढे केला.

"मलाबी दे."

रत्नाबाईचं बोट तिथेच थांबलं. ती त्या तळहाताकडे बघत राहिली. मग तिने चूळ भरली, मला मोरीत पालथं केलं आणि वरून बादलीभर पाणी ओतलं.

"आता तुलाबी न्हाई, मलाबी न्हाई."

"आन उद्या?"

"उद्याचं उद्या बघू. आज न्हाई."

या वेळी तिने मला टाकलं नाही. "टाकली की हुडकाय जाते," म्हणाली आणि फळीवर ठेवलं. रोज यायची, मला रिकामीच उघडून वास घ्यायची, "आज न्हाई" म्हणायची आणि लवंग तोंडात टाकायची. पुढे एखादा दिवस यायची विसरू लागली. तेलाचा हात तर कधीच थांबला होता.

नलूला मुलगी झाली. चाळभर ऐकू जाईल अशी रडली. वजन करताना हंसाच्या तोंडावर हसू मावेना. बाळ बघायला शेजारची काशीबाई आली आणि हळूच म्हणाली, "आता झाला ना बालंतपन? डबी आन, भरून देते."

रत्नाबाईचा हात फळीवर आला. माझा जीव पुन्हा वरखाली झाला. तिने अंगठा लावला, जोर केला, पण झाकण हललं नाही. गंजाने ते घट्ट धरलं होतं. चमच्याच्या दांड्याने निघालं असतं, आणि चमचा शेजारीच होता. ती चमच्याकडे बघत राहिली. मग तिने मला हळदीच्या बरणीमागे सारलं.

"आज न्हाई, काशीबाई."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मला ते नको. तुमच्या घरी कुणी अशी सवय सोडत असेल आणि सोडलेली डबी पुन्हा शोधत असेल, तर तिला हसू नका. तिच्या जवळ राहा. रत्नाबाईचा हात अजूनही कधीतरी फळीवर येतो, आणि त्या हाताची वाट बघणं माझंही सुटलेलं नाही. म्हणून एवढंच करा, माझ्या झाकणाला तेल लावू नका.